‘खातो सगळं, पण जेवत नाही’ : मुलांचं खाणं मोजणाऱ्या प्राध्यापकांना खुलं पत्र

प्रति,
मानसशास्त्र, गृहविज्ञान आणि पोषणशास्त्र विभागांतले मार्गदर्शक प्राध्यापक,
महाराष्ट्रातली विद्यापीठं आणि महाविद्यालयं

स. न. वि. वि.

जानेवारी लागला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे निरोप सुरू होतात. एक हळदीकुंकवाचे, दुसरे गूगल फॉर्मचे. ‘नमस्कार पालकहो, मी एम.ए. द्वितीय वर्षात शिकत आहे, लघुप्रबंधासाठी तीन ते दहा वर्षांच्या मुलांच्या पालकांची मदत हवी आहे, फक्त पाच मिनिटं लागतील.’ हा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर येतो, वर्गाच्या ग्रुपवर येतो, भिशीच्या ग्रुपवरही येतो. माझी मुलं कधीच मोठी झाली, तरी मी तो फॉर्म उघडून बघते. आतली पस्तीस वाक्यं बहुतेक वेळा ओळखीची निघतात. त्यातली काही तर माझीच असतात.

मी भाषांतरकार. औषधांची माहितीपत्रकं, बँकांचे अर्ज, करारनामे हे माझं रोजचं काम. गेल्या काही वर्षांत त्यात मानसशास्त्रीय प्रश्नावल्यांची भर पडली. मुलांच्या खाण्याच्या वर्तनाची ती प्रसिद्ध प्रश्नावली, जिला तुम्ही सीईबीक्यू म्हणता, ती माझ्याकडे आतापर्यंत चार वेळा आली. चार वेगवेगळ्या मुली, चार वेगवेगळी महाविद्यालयं. आधीच्या तिघींनी हेच काम केलंय याचा चौथीला पत्ता नव्हता. तिच्या मार्गदर्शकांनाही नसावा.

हे पत्र त्या मुलींसाठी नाही. त्यांना मार्चच्या आत प्रबंध बांधून द्यायचा असतो. पत्र तुम्हाला आहे.

प्रश्नावलीबद्दल माझं काही वाकडं नाही, हे आधी सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जेन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००१ साली प्रसिद्ध केली. पस्तीस वाक्यं, आठ गट. अन्न दिसलं की ओढ लागणं, खाण्यातला आनंद, पोट भरल्याची जाण, हळू जेवणं, चोखंदळपणा, सारखं काहीतरी प्यायला मागणं, आणि मन बिघडलं की जास्त खाणं किंवा कमी खाणं. प्रत्येक वाक्यापुढे ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच पर्याय. भरायची पालकांनी. मला या बाईंचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. आयांनी कागदावर लिहिलं ते खरं कशावरून, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला नाही. २००७ साली सुझन कार्नेल आणि वॉर्डल यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना खरोखर खायला घालून पाहिलं. पोट भरल्यावरही समोर खाऊ आला तर मूल किती खातं, आधी काही खाल्लं असेल तर पुढचं जेवण कमी करतं का, किती भराभर खातं. मग ते आयांच्या उत्तरांशी ताडून पाहिलं. मेळ बसला. पुढे २००८ मध्ये आठ ते अकरा वर्षांच्या ब्रिटिश जुळ्यांचा अभ्यास आला. पोट भरल्याची जाण आणि खाण्यातला आनंद या बाबतीत मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला अनुक्रमे ६३ आणि ७५ टक्के वाटा आनुवंशिकतेचा, असं त्यात निघालं. ‘तूच लाडावून ठेवलंस’ हे वाक्य ज्या सुनांनी जन्मभर ऐकलं, त्यांना हे आकडे कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवेत.

तर हत्यार चांगलं आहे. पण ते इंग्रजीत चांगलं आहे. मराठीत येताना त्याचं काय होतं, ते मी चार वेळा जवळून पाहिलंय.

तिसऱ्या मुलीला मी अट घातली होती. भाषांतर करून देते, पैसेही कमी घेते, पण आधी मला आयांसमोर बसव. ती बिचारी तयार झाली. पुण्यातल्या एका वस्तीतली बालवाडी, साडेअकराची वेळ, मुलं सुटायची होती. सतरंजीवर दहा जणी. कुणाच्या मांडीवर धाकटं, कुणाच्या हातात मेथीची जुडी, निवडणं चाललेलं. मी पहिलं वाक्य वाचलं, ‘माझ्या मुलाला खायला खूप आवडतं.’

कडेला बसलेली म्हणाली, ‘खातो की सगळं. खारी दिली खातो, केळं दिलं खातो. वेफरचा पुडा तर संपल्याशिवाय सोडत नाही. पण जेवत नाही.’

बाकीच्या नऊ जणींनी माना डोलावल्या. जिच्या हातात मेथी होती ती म्हणाली, ‘आमचीचं पण तेच. खाते, पण जेवत नाही.’

वीसेक वर्षं शब्दांवर पोट भरते आहे, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मराठीत खाणं आणि जेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जेवणं म्हणजे पान मांडून, पोळी-भाजी, वरणभात, निदान भाकरी-कालवण, बसून. बाकी सगळं खाणं. दिवसभर खाऊनही माणूस ‘सकाळपासून जेवलो नाही’ म्हणतो आणि त्यात खोटं काही नसतं. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद. ते त्या पस्तीस वाक्यांत जागोजागी येतं आणि दर वेळी भाषांतरकाराला ठरवावं लागतं, खातो की जेवतो. मी पहिल्या वेळी सरसकट ‘खातो’ घातलं होतं. दुसऱ्या मुलीच्या मार्गदर्शक बाईंना तो शब्द ग्राम्य वाटला, म्हणून तिच्या फॉर्ममध्ये सगळीकडे ‘जेवतो’ झालं. आता सांगा, त्या सतरंजीवरच्या बाईने पहिला फॉर्म भरला तर तिचा मुलगा खाण्यातल्या आनंदात ‘नेहमी’. दुसरा भरला तर ‘क्वचित’. मुलगा तोच, आई तीच, दिवसही तोच.

यावर तुम्ही म्हणाल, त्यासाठीच तर उलट भाषांतर करून घेतो. मराठी मसुदा दुसऱ्या माणसाला द्यायचा, त्याने मूळ न बघता पुन्हा इंग्रजीत आणायचा, आणि दोन इंग्रजी समोरासमोर ठेवायची. पद्धत जुनी आहे, मान्य आहे, परिशिष्टात प्रमाणपत्रही लागतं. पण ‘खातो’ परत नेलं तरी ‘ईट्स’ आणि ‘जेवतो’ परत नेलं तरी ‘ईट्स’. दोन्ही मसुदे तपासणीत निर्मळ पास. जिथे गळती आहे नेमक्या तिथेच ही चाळणी आंधळी आहे.

आणि चाळणी तरी कोण धरतं? कबूल करते, अशा एका प्रमाणपत्रावर माझीही सही आहे. मुलगी संध्याकाळी सहाला आली, दुसऱ्या दिवशी सकाळी जमा करायचं होतं, मराठी मसुदा माझाच होता, आणि उलट भाषांतर करणारी दुसरी व्यक्ती मिळाली नव्हती. तिच्या मैत्रिणीच्या नावावर तेही मीच केलं. माझंच मराठी, माझंच इंग्रजी, शब्दाला शब्द जुळले यात नवल ते काय! त्या प्रबंधाला चांगली श्रेणी मिळाली म्हणे. तेव्हापासून कुणी प्रमाणपत्र मागितलं की मी आधी चहा टाकते आणि मग नाही म्हणते.

भावनांच्या वाक्यांची गंमत तर औरच. मन बिघडलं की जास्त खाणं, या गटात चार वाक्यं आहेत. मूल चिंतेत असताना, वैतागलेलं असताना, काळजीत असताना आणि काही उद्योग नसताना. इंग्रजीत चिंता आणि काळजी यांच्यासाठी दोन शब्द आहेत, त्यांच्यात तिथल्या आईला थोडाफार फरक वाटत असेल. मराठीत पाच वर्षांच्या पोराच्या बाबतीत कोण म्हणतं, आज आमचा बंड्या चिंतेत आहे? चिंता बापाला असते, हप्ते त्याला भरायचे असतात. पोर हिरमुसतं, रडवेलं होतं, किरकिर करतं, भेदरतं, बिलगून बसतं, आईचा पदर सोडत नाही. यातला एकही शब्द मी पाहिलेल्या कुठल्याच मराठी फॉर्ममध्ये नाही. ‘चिंताग्रस्त’ आहे. सतरंजीवर मी तो वाचला तेव्हा एकीने विचारलं, ‘म्हंजे ताप आल्यावर का?’

यात तुमच्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे, ती भाषांतरकाराने सांगावी याचा मला संकोच वाटतो. चिंता आणि काळजी ही दोन वाक्यं मराठीत जवळजवळ एकच होतात. मग आई दोन्हींना एकच उत्तर देते. मग त्या गटाचा अल्फा, म्हणजे गटातली उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, वाढतो. म्हणजे भाषांतर जितकं ढिसाळ, तितकं मोजमाप विश्वासार्ह दिसणार. एका मौखिकीला मी मागच्या बाकावर बसले होते. विद्यार्थिनीने अल्फाचा आकडा दाखवला, परीक्षकांनी मान हलवली, पुढची स्लाइड.

रागाचं वाक्यही असंच. ‘मूल रागावलेलं असताना कमी खातं.’ आपल्याकडे मूल रागावलं की ताटावरून उठतं. म्हणजे त्याला भूक नसते असं नाही, चांगली कडकडून असते. पण घरातल्या सगळ्यांना हात जोडायला लावायचे तर न जेवणं हेच त्याच्या हातातलं एकमेव शस्त्र. आजी दहा मिनिटांनी मनवायला जाते, ते साजूक तुपाची वाटी पाहून येतं आणि एक पोळी जास्त खातं. याला कमी खाणं म्हणायचं की जास्त? भुकेच्या मोजपट्टीवर रुसवा कुठे बसतो?

पिण्याची तीन वाक्यं आहेत. ब्रिटनमधल्या घरात सारखं प्यायला मागणारं मूल बहुधा गोड सरबत किंवा फळांचा रस मागत असतं, म्हणून ती वाक्यं वजनाशी जोडलेली. ‘संधी मिळाली तर माझं मूल दिवसभर पीत राहील’ असं मी वाचलं आणि सतरंजीवर हशा पिकला. एक म्हणाली, ‘हे आमच्या नवऱ्याचं लिहा.’ विनोद सोडा, पण चंद्रपुरात मे महिन्यात हा फॉर्म भरला तर काय होईल? तिथे जे पोर सारखं पाणी मागत नाही त्याचीच काळजी करायची वेळ असते. आणि चहाचं काय? बशीत ओतून पोळीबरोबर पोरांना चहा देणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. तो पिण्यात धरायचा की न्याहारीत, हे फॉर्मला ठाऊक नाही.

बारीकसारीक उणिवा आणखी खूप आहेत. ‘माझं मूल’ हा शब्दप्रयोगच घ्या. कुठली आई ‘माझं मूल जेवतं’ म्हणते? मग कुणीतरी सुधारणा करतं आणि होतं ‘तो/ती चिडलेला/चिडलेली असताना तो/ती कमी जेवतो/जेवते’. असं पस्तीस वेळा वाचून दाखवा, तुमचं तुम्हालाच कळेल.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की प्रश्नावली गृहीत धरते, मूल स्वतःच्या हाताने जेवतं. ताटात काही उरतं का, जेवण संपायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो का, जेवण संपायच्या आत पोट भरतं का. आता आपलं घर आठवा. पाच वर्षांचा घोडा होईपर्यंत आपण भरवतो. चिऊचा घास, काऊचा घास, हा मामाचा, हा शेजारच्या काकूंचा, हल्ली मोबाइलवरच्या कार्टूनचा. वाटी आईच्या हातात, घासाचा आकार आईच्या बोटांत, वेग आईच्या घाईवर. उरलेला भात आईच्याच पोटात जातो, ताटात काही उरतच नाही. मग ‘हळू जेवणं’ या गटात जे गुण पडतात ते कुणाचे, पोराचे की भरवणाऱ्याचे? त्यात नोकरी करणाऱ्या आईचं पोर दुपारी आजीकडे किंवा पाळणाघरात जेवतं. फॉर्म रात्री नऊला भरते आई. दुपारच्या जेवणाबद्दल तिला आजीने जे सांगितलं तेवढंच माहीत. आणि आज्या सुनेला सगळं सांगतात असं थोडंच आहे.

भरवण्यावर दुसऱ्या प्रश्नावल्या आहेत, मला माहीत आहे. अमेरिकेत पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठातल्या लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एकतीस प्रश्नांची प्रश्नावली, तीही २००१ सालचीच. पालक मुलावर किती जबरदस्ती करतात, किती अडवतात, किती नजर ठेवतात, हे ती विचारते. जबरदस्तीच्या गटात एक वाक्य आहे, मुलाने ताटातलं सगळं संपवलं पाहिजे अशा अर्थाचं. पानात टाकू नये हे ज्या घरात श्लोकाइतकंच पाठ असतं तिथे या वाक्याला ‘असहमत’ कोण म्हणेल? अन्न टाकणं हे पाप, म्हणून आई ‘पूर्ण सहमत’वर टिचकी मारते, आणि तुमच्या तक्त्यात ती जबरदस्ती करणारी आई ठरते. गंमत अशी की त्याच बाई प्रत्यक्षात पोराच्या पानात इतकं मोजकं वाढतात, की टाकायची वेळच येत नाही.

जबरदस्तीने काही साधत नाही हे मात्र खरं. बर्च यांच्याच गटाने २००६ साली छोट्या मुलांना सूप देऊन पाहिलं होतं. एका सुपाबाबत ‘संपव, संपव’ असा लकडा, दुसऱ्याबाबत काही नाही. लकडा नव्हता ते सूप मुलांनी जास्त प्यायलं, आणि ज्याचा लकडा होता त्याला जास्त नावंही ठेवली. आपल्या आग्रहाच्या संस्कृतीवर असा एखादा प्रयोग कुणीतरी वरणभाताने करावा, ही माझी फार दिवसांची इच्छा. साधनं काय लागतात? दोन वाट्या आणि एक वजनकाटा.

आता प्रश्नावलीत जे नाहीच, ते. मी वस्तीतल्या दहा जणींना शेवटी साधं विचारलं, पोराच्या जेवणाचा सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? सात जणींचं उत्तर एकच, ‘घास गालात धरून बसतो.’ तोबरा भरायचा आणि गिळायचाच नाही. गाल फुगलेला, डोळे टीव्हीवर, आई ‘गिळ, गिळ’ करत बसलेली. महाराष्ट्रातल्या आयांची ही बहुधा पहिल्या क्रमांकाची तक्रार असेल आणि त्या पस्तीस वाक्यांत तिला जागा नाही. तसंच ‘चिवडत बसते’. तसंच ‘शेजारी आवडीने जेवतो, घरी नाही’. तसंच ‘भरवल्याशिवाय तोंड उघडत नाही’. आणि एकीने खालच्या आवाजात सांगितलेलं, ‘दृष्ट लागते हो त्याला, मीठमोहरी ओवाळली की दोन दिवस जेवतो.’ यावर हसू नका. मूल का जेवत नाही याबद्दल त्या घराचा तो सिद्धांत आहे, आणि वर्तन समजून घ्यायचं तर तोही लिहून घ्यायला हवा.

आता थोडं कडू लिहिते. माझ्या शेजारी सात वर्षांची मुलगी आहे, दणकट, हसरी, जेवणाची शौकीन. तिच्या शाळेत आरोग्य तपासणीबरोबर हा फॉर्म भरून घेतला गेला. नाव, इयत्ता, वजन, आईचा मोबाइल, सगळं एका पानावर. कुणाच्या तरी प्रबंधाचाच तो भाग होता. पंधरा दिवसांनी घरी कागद आला. त्यावर इंग्रजीत, ‘फूड रिस्पॉन्सिव्हनेस : हाय’, म्हणजे ‘अन्न दिसलं की ओढ लागणं’ या गटात गुण जास्त. आई आनंदाने कागद घेऊन माझ्याकडे आली. ‘मावशी, हाय म्हणजे चांगलं ना?’ तिला वाटलं, गुणपत्रिकाच आहे. मी काही बोलायच्या आत शाळेतून फोन आला, मुलीला खाण्याची हाव आहे, वजनावर लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवसापासून डब्यातल्या तीन पोळ्यांच्या दोन झाल्या. संध्याकाळचा लाडू बंद. महिन्याभराने ती माझ्याकडे येऊन, दार लोटून, उभ्याउभ्या बिस्किटं खायला लागली. तोवर ती कधी लपून खात नव्हती.

मूळ प्रश्नावलीत इतक्या गुणांवर धोका, अशी रेषा कुठेही आखलेली नाही. ती निदानासाठी बनलेलीच नाही. गटागटांची तुलना करायला, शेकडो मुलांमधला कल पाहायला ती आहे. मग त्या कागदावरचं ‘हाय’ कुणी ठरवलं? बहुधा त्या वर्गाची सरासरी काढून वरच्या मुलांना तो शिक्का मारला असणार. चाळीस मुलांच्या वर्गात कुणीतरी सरासरीच्या वर असणारच की.

शिवाय शब्द बघा. मराठीत भरपूर खाणाऱ्यासाठी शब्द किती! खवय्या, खादाड, हावरा, अधाशी, भुकेला कच्चा. पहिल्यात कौतुक, मधल्या तिघांत शिवी, शेवटच्यात माया. इंग्रजी संज्ञा कोरडी असते, ती घरी पोचेपर्यंत यातल्या कुठल्यातरी शब्दात बदलते. त्या फोनवर ती ‘हाव’ झाली. मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा तीच होते. तोच कागद मुलाचा असता तर आजी म्हणाली असती, खाऊ दे की, वाढीचं वय आहे.

आणि हे सगळं कुठे चाललंय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड. ज्या राज्यात दर चार लहान मुलांतलं एक रोड आहे, तिथे ‘अन्न दिसलं की ओढ लागणं’ हे लक्षण लठ्ठपणाच्या भीतीनेच वाचायचं का? शहरातल्या एका थरात मुलांची वजनं वाढताहेत हे नाकारत नाही. पण फॉर्म सगळ्यांना एकच जातो आणि तक्त्याखालचा निष्कर्षही एकच असतो.

माझी मावसबहीण पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. तिला मी या प्रश्नावलीचं सांगितलं तर ती म्हणाली, ‘आम्ही पण मोजतो की भूक. पण विचारून नाही, खायला घालून.’ दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की मूल अतितीव्र कुपोषित धरतात, आणि मग त्याची भूक चाचणी घेतात. तिने मला सगळं करून दाखवलं. शांत कोपरा बघायचा. आईचे आणि बाळाचे हात धुवायचे. बाळ आईच्याच मांडीवर. ठरलेलं खाणं मोजून वाटीत घ्यायचं, शेजारी पाणी. आई भरवणार, पण कोंबायचं नाही. बाळ आपणहून तोंड पुढे करतं का, चुचकारून खातं का, मान फिरवतं का, हे आपण गप्प बसून बघायचं. शेवटी वाटीत उरलं किती ते मोजायचं. भूक असेल आणि दुसरं काही दुखणं नसेल तर उपचार गावातच, ग्राम बाल विकास केंद्रात. भूक नसेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं, कारण इतकं रोडावलेलं पोर खात नसेल तर आत काहीतरी मोठं बिघडलेलं असू शकतं. ‘आई पहिल्यांदा नेहमी सांगते, खातो हो सगळं,’ बहीण म्हणाली. ‘लाज वाटते ना बिचारीला. वाटी खोटं बोलत नाही.’

तुमच्या विभागापासून अशी एखादी अंगणवाडी फार तर दोन किलोमीटरवर असेल.

म्हणून विनंती अशी. प्रश्नावली पाठवण्याआधी विद्यार्थिनीला दहा आयांसमोर बसवा. प्रत्येक वाक्य वाचून झालं की ‘तुम्हाला यातून काय कळलं’ एवढं विचारायला सांगा, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यायला सांगा. फार तर दोन दुपारी जातील. फॉर्मच्या डोक्यावर दोनच प्रश्न घाला, मूल कुणाच्या हातून जेवतं आणि हा फॉर्म कोण भरतंय. जमल्यास भरवणाऱ्या दोघांकडूनही भरून घ्या, आई आणि आजीच्या उत्तरांतली तफावत हाच एक चांगला लघुप्रबंध होईल. शंभर फॉर्मच्या जोडीला दहा मुलांचं एकेक जेवण प्रत्यक्ष बघा. मुलाचं नाव फॉर्मवर कशाला लागतं हे मला आजवर कुणी समजावून सांगू शकलं नाही, तर तेही काढा. आणि गुणांचा कागद घरी पाठवू नका. कृपा करून पाठवू नका.

आणखी एक. दरवर्षी नवं मराठी भाषांतर होतं आणि दरवर्षी ते प्रबंधाबरोबर कपाटात जातं. चार-पाच विभागांनी एकत्र बसून, रीतसर परवानगी घेऊन, एकच नीट मराठी आवृत्ती करायला काय हरकत आहे? त्यात विदर्भातली एक आई असू दे, कोकणातली एक, मराठवाड्यातून पुण्यात आलेली एक. ‘खाणं’ आणि ‘जेवणं’ वेगळं विचारा, वाक्यं पस्तीसची पंचेचाळीस झाली तरी चालतील. गालातला घास त्यात घाला. मग तिचा अल्फा किती येतो ते बघू.

त्या दुपारची माझी वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, निम्मी भरलेली, एका पानावर मेथीचा डाग. दहा जणींनी पस्तीस वाक्यांबद्दल काय काय म्हटलं ते त्यात आहे, नावं नाहीत. ज्या विभागाला हवी असेल त्याने माणूस पाठवावा. झेरॉक्सचे पैसे मी देईन. वही मात्र परत पाहिजे.

कळावे,

आपली,
एक भाषांतरकार
(त्या एका प्रमाणपत्रावरची सही माझीच)